फुटला गोळा, बाद

दरवर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी एक फासा घेऊन जाते. लाल, प्लास्टिकचा, सापशिडीच्या डब्यातला. काही न बोलता तो टेबलावर टाकते आणि विचारते, "हा फासा खरा की लबाड?" पोरं हसतात. बाईंना आज झालंय काय, असं एकमेकांकडे बघतात. मला ते फार आवडतं. मी मुळात नाटकी बाई आहे, हे लातुरातल्या आमच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या फाशामागे जो राग आहे तो नाटकातला नाही. तीस वर्षं झाली, अजून निवला नाही. निवू नये म्हणून तर दरवर्षी फासा टाकते.

नवा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन उन्हाळे झाले असतील. उस्मानाबादचे होतो, लातूरचे झालो. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेबांच्या जीपगाड्या नव्या. पाऊस तेवढा कुठल्याच जिल्ह्याच्या दप्तरी नव्हता. आमचं गाव देवणीच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. गावात सहा गल्ल्या. सगळ्यात वर पाटील गल्ली, मग बाजार गल्ली, मधली गल्ली, देवळामागची, कुंभार गल्ली, आणि नाल्यापलीकडे आमची. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तरी गावाच्या तोंडात आमच्या वस्तीचं जुनं नाव बरीच वर्षं टिकून होतं. मी गल्लीच म्हणणार. वरच्या पाच गल्ल्या असतील तर सहावीही गल्लीच.

सकाळी टँकर यायचा आणि चावडीपुढं उभा राहायचा. त्या दिवशी ज्यांचा नंबर पहिल्या चारात लागला त्या गल्ल्यांना पुरेसं पाणी मिळायचं. पाचव्या नंबराला नळी गुरगुरून गाळ द्यायची. सहाव्या नंबराला फक्त गुरगुर. ज्यांना पाणी मिळालं नाही त्यांनी जायचं झिऱ्यावर. झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत खणलेला खड्डा. रोज पाणी खाली जातं म्हणून रोज थोडा खोल खणायचा. त्या वर्षी तो दोन पुरुष खोल झाला होता. एक बाई आत उतरायची, तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरायची, वरच्या बायका दोरानं ओढायच्या. कडा वाळूच्या. एकदा कड सुटली आणि शेजारची काकू कमरेपर्यंत गाडली गेली. चौघींनी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी आत कोण उतरणार, असा प्रश्न आला तेव्हा माझी माय उतरली आणि पुढं रोज तीच उतरायला लागली. "मी बारीक हाय, कमी वाळू हलती," असं तिचं म्हणणं.

म्हणजे टँकरवर आमच्या गल्लीचा नंबर कितवा लागतो, हा आमच्या घरात मायच्या जिवाचा प्रश्न होता.

नंबर ठरायचा चिठ्ठ्यांवर. सुरुवातीला साध्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. अमक्याची घडी जाड, तमक्याच्या कागदाला तेल लागलंय, अशी भांडणं झाली. मग पाटील गल्लीतल्या सरपंचांनी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, एक तोडगा काढला. प्रत्येक गल्लीनं आपापल्या घरच्या पिठाचा गोळा करून आणायचा, चिठ्ठी त्याच्या पोटात घालायची. सहा गोळे घागरीत टाकून घागर खळाखळा हलवायची. काढणार कोण? तर गावची म्हातारी सुईण. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दिसतच नाही म्हटल्यावर लबाडी कशी करणार! ज्या क्रमानं गोळे निघतील तो क्रम. आणि एक नेम: गोळा फुटलेला निघाला तर ती चिठ्ठी बाद, ती गल्ली शेवटी. कारण फुटक्या गोळ्यातली चिठ्ठी कुणी बदलली तर? सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा तो न्याय!

आमच्या पिठाला गावची घागर चालत होती. आमच्या घागरीला गावची विहीर चालत नव्हती. पण विहीर आटली होती, त्यामुळं तो प्रश्नही तूर्तास आटला होता.

मी तेव्हा नांदेडला संख्याशास्त्र शिकत होते. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले तर चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. सहा ओळी.

"हे काय ग माय?"

"रोज कुणाची गल्ली पहिली निघाली त्येची रेघ. साठ दिस झाले. मला कुठं लिवता येतंय." तिनं परात आपटली. "तू काय शिकून राहिली तिकडं नांदेडला? मोज."

मी मोजलं. पाटील गल्ली सतरा. बाजार गल्ली चौदा. मधली अकरा. देवळामागची नऊ. कुंभार गल्ली सात. आमची दोन.

साठ दिवस, सहा गल्ल्या. नशीब सरळ असेल तर प्रत्येकीला दहाच्या आसपास यायला हवं. हा तर साठ वेळा टाकलेला फासा झाला! आणि फासा लबाड आहे का, हे बघायची कसोटी आम्हाला त्याच वर्षी शिकवली होती. दहापेक्षा किती जास्त-कमी आलं ते बघायचं, त्याचा वर्ग करायचा, दहानं भागायचं, सहाही गल्ल्यांची बेरीज घ्यायची. बेरीज लहान असेल तर म्हणायचं, चालतंय, नशिबाचा खेळ आहे. मोठी आली तर समजायचं, कुणीतरी खेळतंय. ही काय-स्क्वेअर कसोटी. नावातच प्रश्न. काय? मला तर ती तेव्हाच मराठी वाटली होती.

चुलीपुढं बसून कोळशानंच आकडेमोड केली. बेरीज आली चौदा. सहा गल्ल्यांसाठी तक्त्यातली पाच टक्क्यांची रेषा अकरा पूर्णांक सात शतांश; निव्वळ नशिबानं बेरीज तिच्यापुढं शंभरात पाचदाच जाते. ओलांडली! मी उठून अक्षरशः नाचले.

"काय झालं?" माय म्हणाली.

"लबाडी हाय, माय! सिद्ध झालं!"

"हे मला ठावंच हाय," माय म्हणाली. "कशी हाय ते सांग."

ते मला सांगता येत नव्हतं. पण आकडा हातात होता. तीन दिवसांनी गुणपत्रिका आणायला नांदेडला जायचं होतं, तेव्हा कागद ही कसोटी शिकवणाऱ्या सरांपुढं ठेवला. सर चांगले होते. आम्हाला मन लावून शिकवायचे. त्यांनी चष्मा चढवला, बेरीज तपासली, म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण हा गंभीर आरोप आहे. अशा वेळी कसोटी कडक हवी. एक टक्क्याला बघ."

एक टक्क्याची रेषा पंधरा पूर्णांक नऊ शतांश.

"तुझं चौदा," सर म्हणाले. "टिकत नाही. शंभरात एक-दीड वेळा असं निव्वळ नशिबानंही होऊ शकतं."

"सर, पुस्तकात पाच टक्के दिलंय."

"पुस्तकात एक टक्काही दिलाय. भावनेच्या भरात जाऊ नकोस."

परतीच्या एसटीत मी भावनेच्या भरात होते. लोह्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मी तिकिटाच्या पाठीमागं आकडे मांडत बसले. आमची गल्ली दोनाऐवजी एकदाच पहिली निघाली असती आणि तो एक दिवस पाटील गल्लीला गेला असता, तर बेरीज किती? सतरा पूर्णांक दोन. सरांची रेषा आरामात पार! म्हणजे आम्ही आणखी एक दिवस झिऱ्यात उतरलो असतो तर गणित पक्कं झालं असतं. माझ्या मायनं आणखी एकदा वाळूखाली जीव टांगला असता तर सरांचा विश्वास बसला असता. मी ते तिकीट चुरगाळलं, आणि नंतर परत सरळ केलं, कारण कंडक्टर तपासायला आला.

घरी आल्यावर मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज लिहिला. आकडेमोडीसकट. आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर चोर पकडायला गेले. माझा संशय सुईणीच्या बोटांवर. घागरीत हात गेला की मी डोळे फाडून बघायची. पहिला गोळा बाजार गल्लीचा. दुसरा पाटील गल्लीचा. तिसरा आमचा निघाला, पण फुटलेला.

"फुटला गोळा, बाद," आबा म्हणाले, रोज जांभई द्यावी तसे.

मी त्याकडं लक्षच दिलं नाही. मी बोटं बघत होते! सगळे पांगल्यावर तिच्याजवळ जाऊन बसले.

"आज्जी, तुम्हाला गोळे हातानं ओळखू येतात का हो?"

"माझी बोटं बगून राहिली व्हय?" ती हसली. दात एकही नाही. "ह्याच बोटांनी तुला भायेर वढलं. उलटी आलती तू. अजून उलटीच दिसून राहिली."

"सांगा ना."

"येतात की वळखू. गव्हाचा मऊ लागतो, जुवारीचा खरबरीत. म्हनून तर मी निवडत न्हाई, जो आदी हाताला लागंल त्यो काढती. तुमचाबी काढती की. पर त्यो फुटलेला निगतो. मी काय करू? नेम हाय." आणि उठता उठता म्हणाली, "चोर चावडीवर हुडकू नको. मायला इचार, तुमचाच गोळा कसा फुटतो ते."

मी घरी जाऊन विचारलं. माय भाकरी थापत होती. भाकरी काठाला चिरत होती आणि ती बोटानं चिरा बुजवत होती.

"माय, सहाही गोळे सारखेच असतात ना?"

मायनं वर बघितलं. तिच्या नजरेत जे होतं ते मी नंतर कुठल्याही परीक्षकाच्या नजरेत बघितलं नाही.

"सारखे? गव्हाचा न् जुवारीचा गोळा सारखा? अगं, तू बाईमाणूस हायेस का न्हाई? वरल्या गल्ल्यातनं गव्हाच्या कणकीचे गोळे येतात. रबरावाणी. घागर हलवा न्हाईतर आपटा, फुटत न्हाई. आपल्याला रेशनची जुनी जुवारी. महिन्यामागं दळलेली. त्या पिठाला विरी न्हाई राहिली. बग ही भाकर, तव्यावर जायच्या आदी फाटून राहिली. घागरीत हिचा गोळा टिकंल का?"

विरी. पिठाला पीठ धरून ठेवतं ते. हा शब्द मी जन्मापासून ऐकत होते. आणि मी भिंतीसमोर बसून सहा बाजू सारख्या धरल्या होत्या, कारण पुस्तकातल्या फाशाच्या सहाही बाजू सारख्याच असतात. खालच्या गल्ल्यांत एखाद्या घरी गहू असला की त्या दिवशी त्यांचा गोळा टिकायचा, नसला की फुटायचा. आकडे गव्हाच्या क्रमानंच उतरत गेले होते. सतरा, चौदा, अकरा, नऊ, सात, दोन. भिंतीवर लिहिलेलं होतं आणि मला वाचता आलं नव्हतं.

"मग विरी आणायला काही करता येत नाही?"

"येतं की. आधणाचं पाणी घालून मळलं की विरी येती."

"मग घाल ना!"

"कुठलं पाणी?" माय म्हणाली.

पाणी मिळावं म्हणून गोळा. गोळा फुटू नये म्हणून पाणी.

"तू हे आबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. पयल्याच आठवड्यात. आबा म्हनले, बायकांचं पीठ-मीठ चावडीवर आनायचं न्हाई."

हे वाक्य मी आजही विसरत नाही. चौदा आला म्हणून नाचणाऱ्या मला, कडक कसोटी मागणाऱ्या सरांना, सगळ्यांना जे हवं होतं ते माय पहिल्याच आठवड्यात चावडीवर बोलून आली होती. रोज भाकरी खाणाऱ्या, दोन वेळा खाणाऱ्या त्या पुरुषांपैकी एकालाही ते ऐकायला वेळ नव्हता.

पंधरवड्यात कचेरीतून साहेब आले. अर्जातली आकडेमोड बघून तिथं कुणाला तरी गंमत वाटली असावी. चावडीपुढं खुर्ची टाकली. टँकर उभा. सहा गल्ल्या उभ्या.

"साहेब," आबा हसत म्हणाले, "ह्या पोरीची तक्रार हाय की नशीब खोटं हाय."

लोक खदखदले. मी कागद काढला आणि म्हणाले, "काय-स्क्वेअर चौदा आहे."

"काय?" आबा म्हणाले.

"व्हय, तेच."

आणखी हशा. मी पुढं बोलणार, तेवढ्यात माय गर्दीतून आली. डोक्यावर परात, परातीत आमच्या घरचं पीठ, हातात तांब्याभर पाणी. झिऱ्यातलं, गढूळ. परात तिनं साहेबांच्या पायापाशी ठेवली.

"साहेब, आज समद्या गल्ल्यांचे गोळे ह्या एकाच पिठाचे करा. एवढंच मागनं हाय."

हसू बंद झालं. बघा, मागणं किती साधं! एकच पीठ, एकच पाणी. फासा सारखा करा आणि मग टाका. पण ते पीठ आमच्या घरचं होतं, पाणी आमच्या घागरीतलं. हात घालायचा की नाही? नाही म्हणायचं तर साहेबांसमोर कारण सांगायचं. जिल्हा नवा होता, साहेब नवे होते, आणि ते आबांकडं बघत होते. सबंध चावडी आबांच्या हाताकडं बघत होती.

आबांनी बाही सारली. उकिडवे बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पीठ हातात घेतलं असावं. थोडं पाणी घातलं, दाबलं, वळलं. गोळा तळहातावरच भेगाळला. पुन्हा वळला. पुन्हा भेगाळला. सुईणीनं हात पुढं केला, चाचपला आणि आबांचाच सूर काढून म्हणाली, "फुटला गोळा, बाद."

बाजार गल्लीचा बाद. मधल्या गल्लीचा बाद. देवळामागच्या गल्लीचा तर उचलतानाच दोन झाला. मग कुंभार आले. आयुष्य मातीत गेलेला माणूस. त्यांनी इतका सुबक गोळा वळला की आता मायचं म्हणणं खोटं पडणार, असं मलाच वाटलं. घागरीत टाकला. घागर हलवली. सुईणीनं आत हात घातला आणि बाहेर काढला तो मुठीत भुगा.

"बाद."

आमचाही बाद. सहाच्या सहा बाद! टँकरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून सगळं बघत होता. तो ओरडला, "आबा, मी पानी घेऊन जाऊ का परत? हिकडं तर नशीबच फुटून राहिलं!"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. पुरुष हसले नाहीत.

"चिठ्ठी कशाला पायजे?" माय म्हणाली. "सा गल्ल्या हायेत. सा दिस. आज एक पयली, उद्या दुसरी. पाळी लावा."

"पाळी लावली तर आमची गल्ली एक दिस शेवटी येईल की!" आबांच्या तोंडून निसटलं.

बाहेर पडलेला शब्द आबांना परत आत घेता येईना.

त्या एका वाक्यासाठी मला चाळीस ओळींचा अर्ज आणि तक्त्यातल्या दोन रेषा लागल्या होत्या. पाळी लावायला डोकं लागत नाही. पहिल्याच दिवशी लावता आली असती. पण पाळीत प्रत्येकाला कधी ना कधी शेवटी उभं राहावं लागतं, आणि शेवटी उभं राहणं ज्यांच्या सवयीचं नाही त्यांना चिठ्ठी बरी वाटते. चिठ्ठीत कुणाचा दोष नसतो. आम्ही तहानलो तर आमचं नशीब फुटकं. घागर हलवणारे हात धुऊन मोकळे, आमच्याच वाटच्या पाण्यानं.

साहेबांनी वहीत पाळी लिहून घेतली. यादी वरून सुरू केली, म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही शेवटीच. पहिल्या दिवशी माय झिऱ्यात उतरली. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचवे, नुसता गाळ, म्हणून पुन्हा उतरली. तिसऱ्या दिवशी पाणी मिळालं. चौथ्या, पाचव्या दिवशीही मिळालं. पण मायचा पाळीवर भरवसा नव्हता. तिची पितळेची घागर तिनं झिऱ्याच्या काठावर ठेवून दिली होती, नंबर लावून. पाळी मोडली तर आपली जागा जायला नको.

सहाव्या दिवशी आमची गल्ली पहिली. आम्ही टँकरपुढं उभ्या होतो. माझ्या घागरीत धार पडत होती आणि माय कडेला सांडणारे थेंब ओंजळीत धरत होती. तेवढ्यात नदीकडून गुराखी धावत आला. झिरा बसला होता. चारी बाजूंनी एकदम. खड्डा होता तिथं आता सपाट वाळू.

"आत कोन हुतं का?" कुणीतरी विचारलं.

"कुनीच न्हाई. एक घागर गेली."

मी मायकडं बघितलं. ती लालबुंद झाली होती.

"इतके दिस मी आत बसले तवा न्हाई पडला," ती म्हणाली. "माझी पितळंची घागर बगून पडला मेला! माझ्या आईनं दिलती!"

घरी येईपर्यंत ती झिऱ्याला, वाळूला, आबांना आणि मला शिव्या देत होती. मला का, ते मी विचारलं नाही. भरलेली घागर उतरवून तिनं चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला, भिंतीशी गेली आणि सगळ्यात खालच्या ओळीत, दोन रेघांच्या शेजारी, तिसरी रेघ ओढली. इतक्या जोरात की कोळसा मोडला.